निघालेला पार्ट घरी आणा

आमच्या घराच्या मागच्या पडवीत पंधरा किलो तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात आमच्या मारुती ईकोचे आजवर बदललेले लहान पार्ट ठेवलेले आहेत. जाम झालेला एक थर्मोस्टॅट, झिजलेले दोन रोलर, चार स्पार्क प्लग, मागच्या ब्रेकच्या लायनरची एक जोडी, भेगाळलेला फॅन बेल्ट आणि कापून उघडलेले दोन ऑइल फिल्टर, असा तो ऐवज आहे. प्रत्येकाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला असून त्यावर तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले आहेत. गाडी सांभाळण्याविषयी मला जे काही कळते, त्यातले बहुतेक या डब्याने शिकवले आहे. म्हणूनच व्हॅन वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी आग्रहाने सांगत असते, की गॅरेजमधून निघताना बिलाबरोबर निघालेला पार्टही मागून घ्या.

आम्ही जालन्यात राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघे, दोन मुले आणि शिक्षणासाठी आमच्याकडे असलेली पुतणी, अशी घरात सात माणसे आहेत, आणि सगळ्यांना एकाच वेळी घेऊन जाईल व घरखर्चालाही झेपेल अशी गाडी म्हणून २०१६ च्या दसऱ्याला आम्ही सात सीटची ईको घेतली. माझ्या माहेरी ओम्नी होती. १९८४ साली मारुतीने आणलेली ती व्हॅन, तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन घेऊन, २०१९ पर्यंत बनत राहिली. २०१० साली आलेल्या ईकोत इंजिन चार सिलिंडरचे झाले, तरी मूळ रचना बरीचशी तीच राहिली. इंजिन पुढच्या सीटखाली, रेडिएटर त्याच्या पुढे नाकाशी, आणि ताकद मात्र लांब शाफ्टमधून मागच्या चाकांना. या रचनेमुळे आत जागा भरपूर मिळते, पण इंजिन रोज नजरेला पडत नाही. सीट उचलण्याचा कंटाळा केला की ऑइल किती उतरले, पाइप कुठे पाझरतो आहे, हे महिनोन्‌महिने कळतच नाही. आमच्याकडे तेच झाले होते.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही सगळे तुळजापूरला निघालो होतो. अंबड, वडीगोद्री, शहागड, गेवराई करत बीड ओलांडले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर होता, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच गाडी चालवावी लागत होती. आधी सीट नेहमीपेक्षा जास्त तापलेली जाणवली, मग गोडसर, करपट वास आला आणि पाठोपाठ तापमानाचा इशारा लागला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले, मुलांना झाडाच्या सावलीत बसवले. आण्णा, म्हणजे माझे सासरे, टॉवेल हातात घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला निघाले होते. मी त्यांना अक्षरशः हाताला धरून थांबवले. ते झाकण साधे नसते. आतला दाब ते धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, त्या क्षणी सगळे पाणी उसळून बाहेर येते, आणि तोंडावर, छातीवर भाजल्याच्या घटना याच चुकीतून होतात. पाऊण तास आम्ही नुसते बसून राहिलो.

गाडी कशीबशी बीडला परत आणली. तेथील मिस्त्रींनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, हे काढूनच टाका. आपल्याकडं एवढ्या उन्हात ह्याचं काय काम? बरेच लोक बिगर थर्मोस्टॅटच चालवायलेत." घरी पोचणे भाग होते म्हणून मी मान्य केले. दुसऱ्या दिवशी जालन्यात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे, चाचांकडे, गाडी लावली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारला, "जुना पार्ट कुठंय?" मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ऊन बाहेर आहे, मॅडम. इंजिनाचा उन्हाळा वेगळा असतो." नवा बसवण्याआधी त्यांनी मला दोन्ही घरी नेऊ दिले, कारण मी विज्ञान शिकवते हे त्यांना माहीत होते.

त्या संध्याकाळी एक निकामी पातेले घेतले, पाणी भरून गॅसवर ठेवले, आणि दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने अशा बेताने टांगले की ते बुडाला टेकणार नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक त्यांच्या शेजारी सोडला. नव्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. पाणी ८० अंशांपर्यंत गेले तरी काही हालचाल नव्हती. ८३ च्या आसपास नव्याची पितळी तबकडी स्प्रिंग दाबत केसभर वर आली आणि ९५ होईपर्यंत ती चांगली बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी एवढी उघडली. मुले अगदी श्वास रोखून बघत होती. जुना मात्र पाणी खळखळ उकळायला लागले तरी एका बाजूने नखभर उघडून तिरका अडकून राहिला. या पार्टच्या पोटात मेण भरलेले असते. ते ठरावीक तापमानाला वितळून फुगते आणि दांडा ढकलून वाट मोकळी करते. इंजिन थंड असते तोवर पाणी इंजिनातच फिरत राहावे आणि ते लवकर योग्य उष्णतेवर यावे, तापल्यावर मात्र ते रेडिएटरकडे जावे, एवढेच त्याचे काम आहे. तो काढून टाकला तर इंजिन सदैव गारठ्यात चालल्यासारखे होते, पेट्रोल जास्त जाते, ऑइलमध्ये ओल आणि गाळ साचतो, झीज वाढते. आणि ही हानी कोणालाही दिसत नाही, म्हणून "काढून टाका" हा सल्ला आपल्याकडे इतका चालतो. मला तो सर्वस्वी चुकीचा वाटतो. काही शे रुपयांच्या पार्टसाठी इंजिनाला आयुष्यभराची शिक्षा देण्यासारखे ते आहे.

पण थर्मोस्टॅट जाम का झाला, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्याच्या अंगावरच होते. पितळेवर पांढरा, खरखरीत थर बसला होता. घरातल्या गिझरची कॉइल काढली की जो दिसतो, अगदी तोच. आधीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी एका गॅरेजमध्ये कूलंट कमी दिसले म्हणून तिथल्या बोअरचे पाणी ओतले गेले होते आणि त्यानंतर आम्हीही दोनदा घरच्या नळाचेच पाणी घातले होते. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. ज्या वर्षी गाडी घेतली त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते आणि आम्हीही टँकरच्या पाण्यावर दिवस काढले होते. अशा काळात मिळेल ते पाणी पवित्र मानण्याची सवय हाडात मुरते आणि तेच पाणी गाडीला दिले तर त्यात वावगे काय, असे प्रामाणिकपणे वाटते. मात्र पाणी तापले की क्षार सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, तो थर उष्णतेला अडवतो, आणि मग मे महिन्यात घाटात गाडी उभी राहते.

तेव्हापासून आमच्या गाडीत कूलंटशिवाय दुसरे काही जात नाही. बाजारात ते दोन प्रकारांत मिळते: एक तयार, जसेच्या तसे ओतण्याचे, आणि दुसरे घट्ट, ज्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळावे लागते. डब्यावर नीट वाचून घ्यावे, कारण घट्ट कूलंटमध्ये नळाचे पाणी मिसळले तर सगळा खटाटोप वाया जातो. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवते, म्हणून मराठवाड्यात त्याची गरज नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात ते उत्कलनबिंदूही वाढवते आणि धातू गंजू देत नाही, आणि आपल्याला हेच दोन गुण हवे असतात. या गाडीत रेडिएटर आणि इंजिन यांच्यात अंतर असल्याने पाइप लांब आहेत, त्यामुळे कूलंट बदलल्यावर त्यातली हवा नीट काढली गेली आहे ना, हे मिस्त्रींना विचारून घ्यावे. हवेचा बुडबुडा अडकला की कूलंट भरलेले दिसते पण फिरत नाही. आणखी एक गोष्ट काळजीने सांगते: कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये, लहान मूल किंवा कुत्रे-मांजर ते चाटू शकते.

आता ऑइल फिल्टरविषयी. आमच्याकडे दर वर्षी किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतात. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी आणि कष्टाच्या वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता दिलेला असतो. शेताच्या वाटा आणि उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ पाहता आपण त्याच तक्त्यात मोडतो असे मी समजते आणि ऑइल थोडे आधीच बदलते. एकदा सुट्टीत चाचांकडे फिल्टर शिल्लक नव्हता म्हणून मी बाजारातून एक स्वस्तातला घेतला. खोका हुबेहूब होता, फक्त छपाई किंचित फिकट. चाचांनी तो हातात तोलला आणि बसवायला नकार दिला. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी गाडीतून निघालेला जुना आणि हा नवा, दोन्ही माझ्यासमोर कापून उघडले. जुन्यात कागदाच्या घड्या दाट, सारख्या अंतरावर होत्या आणि तोंडाशी रबराची एक पडदी होती, जी गाडी बंद असताना ऑइल मागे उतरू देत नाही. सकाळी सुरू करताच इंजिनाच्या वरच्या भागाला ऑइल मिळते ते तिच्यामुळे. नव्यात घड्या निम्म्याही नव्हत्या आणि पडदीच्या जागी कडक प्लॅस्टिकसारखी चकती होती. बाहेरून दोन्ही सारखेच काळे डबे. तेच दोन कापलेले फिल्टर आज माझ्या डब्यात आहेत.

या प्रसंगानंतर मी शब्दांच्या बाबतीत सावध झाले. आपल्याकडे "ओरिजिनल", "लोकल" आणि "डुप्लिकेट" असे तीन शब्द सरसकट वापरले जातात आणि शेवटचे दोन एकच मानले जातात. तसे ते नाहीत. गाडीच्या कंपन्या बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाहीत. ते त्यांना पुरवठादार कंपन्या बनवून देतात. आपल्याच वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्या आधाराने एंड्युरन्स, व्हॅरॉक यांसारख्या पार्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथे वाढल्या. असा पुरवठादार स्वतःच्या नावाच्या खोक्यात जो पार्ट विकतो, त्याला दुकानदार "लोकल" म्हणतो, पण तो बनावट नसतो. त्यावर बनवणाऱ्याचे नाव, पार्ट नंबर आणि किंमत स्पष्ट छापलेली असते आणि तो कित्येकदा उत्तम असतो. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचे नाव चोरून लावलेला माल. पुरवठादाराच्या नावाचा पार्ट मी ब्रेक, स्टिअरिंग आणि फिल्टर सोडून इतर ठिकाणी विचारपूर्वक घेते. डुप्लिकेटला हात लावत नाही. दुकानात जाताना निघालेला पार्ट बरोबर नेते, त्यावरचा नंबर नव्याशी ताडून पाहते, आणि गाडीच्या कागदांवरचा सतरा अक्षरी चासी नंबर सांगते, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदललेले असतात आणि "ईकोचा द्या" एवढ्याने भागत नाही. बिल पक्के घेते.

धुळीचे बोलायचे तर एअर फिल्टर पाहण्यासाठी मॅन्युअलच्या आकड्याची वाट पाहू नये. तुरी-कापसाच्या हंगामात दोन महिने गावाकडे फेऱ्या झाल्या की तो काढला की मुठीने धूळ निघते. आतून बाहेर अशी हलक्या दाबाने हवा मारावी. बाहेरून मारली तर धूळ घड्यांत आणखी रुतते.

व्हॅनवाल्यांनी फारसे न बोललेला विषय म्हणजे सरकता दरवाजा. तो लहान रोलरच्या आधाराने रुळात चालतो. आमचा उजवीकडचा दरवाजा हळूहळू जड झाला, मग बंद करताना दोनदा ओढावा लागू लागला, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांचे मनगट दुखू लागले तेव्हा आम्ही जागे झालो. आधी आम्ही ग्रीसवर ग्रीस भरत गेलो, आणि तीच चूक होती. उघड्या ग्रीसला काळी माती चिकटते आणि तिचा काळ्या सँडपेपरसारखा लेप तयार होतो. चाचांनी खालचा रूळ डिझेलच्या फडक्याने पुसला तेव्हा चमचाभर काळा, कुरकुरीत चिखल निघाला आणि रोलर काढला तर त्याचा गोल पृष्ठभाग एका बाजूने सपाट झालेला होता. बेअरिंग बोटाने फिरवले तर वाळू दळल्यासारखा आवाज येत होता. नवे दोन रोलर बसवल्यावर दरवाजा आईंच्या दोन बोटांनी सरकू लागला. आता दर पंधरवड्याला मुले जुन्या टूथब्रशने रूळ साफ करतात आणि ग्रीसचा अगदी पातळ हात देतात. दरवाजा नीट लागला नाही तर तो चालत्या गाडीत उघडू शकतो, आणि त्याच्याशेजारी बहुधा मूलच बसलेले असते.

ब्रेकचे थोडक्यात सांगते. पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत. पुढचे पॅड चाकातून डोकावून पाहता येतात, मागचे ड्रम मात्र उघडावेच लागतात, आणि सात माणसे व सामान घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीचे ड्रम वर्षातून एकदा उघडून धूळ झटकली पाहिजे, व्हील सिलिंडर पाझरत नाही ना हे पाहिले पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, ओल शोषलेले ऑइल लवकर उकळते आणि घाटात पेडल एकदम मऊ पडते. म्हणून ते दिसायला स्वच्छ असले तरी आम्ही दर दोन वर्षांनी बदलतो.

टायरकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते, विशेषतः आम्हा जालनेकरांना, कारण समृद्धी महामार्ग आता दाराशी आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही नागपूरला लग्नाला जायचे ठरवले. काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, आणि मध्ये थांबण्याचे निमित्त नाही. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तासन्‌तास तापत राहिली तर फुटते. निघण्याआधी मी चारही टायर आणि स्टेपनी यांच्या बाजूंवरचे आकडे वाचले. डॉट या अक्षरांपुढच्या ओळीतले शेवटचे चार अंक टायरचा जन्म सांगतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. चार टायर आम्ही बदललेले होते. स्टेपनीवर २८१६ होते, म्हणजे २०१६ सालचा अठ्ठाविसावा आठवडा. ती कधी वापरलीच नव्हती, खाचा अगदी नव्या होत्या, पण अंगठ्याने दाबल्यावर बाजूच्या रबरावर केसासारख्या भेगा उघडल्या. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बाद, हे आपल्याला माहीत असते. न झिजता म्हातारे झालेले टायर आपण विसरतो. आम्ही ती बदलली आणि नागपूरपर्यंत ताशी ८० च्या वर गेलो नाही. हवा सकाळी गाडी थंड असतानाच तपासावी, दारावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाहून भरावी, आणि वाटेत टायर तापून आकडा वाढलेला दिसला म्हणून ती सोडू नये.

हे सारे एका दोनशे पानी वहीत लिहिलेले असते. डाव्या पानावर काय केले, उजव्या पानावर पुढे काय येणार आहे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, पीयूसीची तारीख, विमा, सगळे तिथेच. आमच्या शेजाऱ्यांच्या सीएनजी व्हॅनसाठीही मी अशीच वही घालून दिली, कारण गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, विसरली जाण्याचा संभव फार असतो आणि तिथे विसरणे परवडत नाही.

गाडीचे १,१७,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या रविवारी गिअर बदलताना मागून येणारी "टक" अशी बारीक थाप ऐकवण्यासाठी मी चाचांना शेजारी बसवून अंबड रोडला चक्कर मारून आणली. परत आल्यावर त्यांनी गाडी जॅकवर घेतली, मला खाली वाकायला सांगितले, आणि शाफ्ट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने हलवून दाखवला. मागच्या क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, अगदी थोडा, पण स्पष्ट खेळ होता आणि टोपीच्या कडेला गंजाची लालसर भुकटी जमली होती. ग्रीस सुकले की ती येते, असे ते म्हणाले. "आत्ता काही होत नाही, पण नवरात्राच्या आधी करून घ्या." क्राऊनचे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरचे, ऑइलही त्याच वेळी बदलायचे ठरले. मी चासी नंबर देऊन पार्ट मागवला आहे, शनिवारी येईल. जुन्या क्रॉसला बांधायचा पुठ्ठा कापून ठेवला आहे.